दहा लाखांच्या आतली फुफ्फुसं

आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कोळशाच्या वीजकेंद्रांचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "ते चंद्रपूरचं दुखणं. आपल्याकडे कुठं आहे थर्मल?" दुसरं उत्तर हिशेबी माणसाचं : "स्वस्त वीज हवी तर थोडा धूर सोसावाच लागतो." तिसरं उत्तर सरकारी आहे आणि ते केंद्र सरकारच्या ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेत छापूनच आलं. ही तिन्ही उत्तरं एकाच माळेचे मणी आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. ती खोडून काढायला लांब जायला नको, लागणारा बराचसा पुरावा आपल्याच पट्ट्यात पडलेला आहे.

आधी सरकारी उत्तर. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीज संचांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. त्यासाठी चिमणीत जाण्याआधी धूर धुणारी यंत्रणा बसवायची. तिचं नाव फ्लू गॅस डिसल्फरायझेशन, बोलताना एफजीडी. चुनखडीचं पाणी धुरावर मारलं की गंधक त्यात अडकतं आणि जिप्सम तयार होतं. मुदत दोन वर्षांची होती. ती २०२२ वर गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे तीन गट पाडून प्रत्येकाला वेगळी तारीख दिली गेली. त्यानंतर पुन्हा मुदतवाढ, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एकदा. शेवटी मुदतवाढ देण्याचाही कंटाळा आला असावा. जुलै २०२५ मध्ये क गटाला, म्हणजे देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना, चिमणीच्या उंचीची अट तेवढी ठेवून माफी देऊन टाकली. ब गटाचं काय करायचं ते तज्ज्ञ समिती एकेक केंद्र बघून ठरवणार. सरळ सक्ती उरली ती अ गटावर, म्हणजे सुमारे ११ टक्के संचांवर.

आता अ गट कोणता ते बघा. राष्ट्रीय राजधानी परिसरापासून, किंवा २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरापासून, दहा किलोमीटरच्या आतली केंद्रं.

हा नियम आपल्या गावांना लावून बघू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर महापालिकेची लोकसंख्या ५ लाख ६ हजार. अंबरनाथची २ लाख ५३ हजार. कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार. बेरीज ९ लाख ३४ हजारांच्या आत. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसांची रीघ लागलेली असूनही पालिकांच्या हद्दीने मोजलं तर तिन्ही शहरं मिळून दहा लाख भरत नाहीत. उद्या इथे कोळशाचा संच उभा राहिला तर त्याला धूर धुण्याची सक्ती होईल ती शेजारच्या कल्याण-डोंबिवलीची डोकी साडेबारा लाखांच्या घरात आहेत म्हणून. आपल्या फुफ्फुसांना संरक्षण मिळणार ते शेजाऱ्याच्या कृपेने. आणि ही मोजदादही २०११ ची. बदलापूर त्यानंतर किती फुगलं हे सकाळी सातची लोकल पकडणाऱ्याला विचारावं. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, तेव्हा नियमाच्या लेखी ही वाढलेली माणसं जन्मालाच आलेली नाहीत.

नऊ लाखांच्या पट्ट्याची ही गत, तर चिमणीखाली वसलेल्या दोन-अडीच हजारांच्या गावाला विचारतो कोण? वीजकेंद्रं मुळात बांधली जातात ती शहरापासून दूर, जिथे जमीन स्वस्त आणि माणसं गरीब, आदिवासी, शेतमजूर, धरणग्रस्त. आधी केंद्र मुद्दाम विरळ वस्तीत न्यायचं आणि मग वस्ती विरळ आहे म्हणून धूर धुण्याची गरज नाही म्हणायचं! विषमता अशीच तयार होते. त्यासाठी कुणाला द्वेषाने आदेश काढावा लागत नाही, एक आकडा निवडला की काम भागतं.

या माफीच्या बाजूने जे सांगितलं जातं ते तसं तर्कहीन नाही, म्हणून ते नीट मांडून मगच खोडायला हवं. नीरी, आयआयटी दिल्ली आणि बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांच्या अभ्यासांचा त्यासाठी आधार घेतला गेला. मुद्दे असे : भारतीय कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आत. हवेतलं सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण बहुतेक ठिकाणी मर्यादेतच सापडतं. आणि एफजीडी चालवायला वीज लागते, चुनखडी लागते, त्यातून कार्बन डायऑक्साइड वाढतो.

पहिला मुद्दा टक्क्यांचा. टक्का लहान असला म्हणून ढीग लहान होत नाही. आपला कोळसा राखेने भरलेला, उष्मांकाने हलका, म्हणून एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम जाळावा लागतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. त्यातले सरासरी दोन हजार मेगावॉट चालले असं धरलं तर दिवसाला सुमारे ३३ हजार टन कोळसा. अर्धा टक्का सोडा, गंधक ०.३ टक्केच धरा. तरी दिवसाला शंभर टन गंधक, आणि ते जळून झालेला सल्फर डायऑक्साइड दोनशे टन. रोजचा. "कमी गंधक" म्हणतात ते हे.

दुसरा मुद्दा मोजणीचा. चिमण्या पावणेतीनशे मीटरपर्यंत उंच बांधतात त्या धूर पायथ्याशी पडू नये म्हणूनच. मग पायथ्याशी मोजून "बघा, वायू मर्यादेत आहे" म्हणायचं, याला काय अर्थ? तो वायू वर जातो, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर फिरतो आणि वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. पीएम २.५ म्हणून जे छातीत खोल उतरतं त्यात हे कण असतात. मोजणी वायूची करायची आणि त्याच वायूपासून झालेल्या कणांचा दोष रस्त्यावरच्या धुळीला द्यायचा, हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं.

तिसरा मुद्दा कार्बनचा. एफजीडीने कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो हे खरं. पण ही हवामानाची काळजी नेमकी धूर धुण्याच्या वेळीच का उफाळून येते? नागपूरजवळ कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायचे ठरले, मे २०२३ मध्ये भर उन्हाळ्यात त्याची जनसुनावणी झाली. ते १,३२० मेगावॉट चालले तर ढोबळमानाने वर्षाला सत्तर लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. तेव्हा कार्बनची आठवण काढणाऱ्यांना विकासविरोधी म्हणायचं आणि गावकऱ्यांच्या छातीतलं गंधक काढायची वेळ आली की आपणच पृथ्वीचे कैवारी व्हायचं, हे दुटप्पी आहे.

आणि धूर धुणं आपल्या राज्यात जमत नाही असंही नाही. डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र २००७ पासून एफजीडी चालवतं. कारण काय? स्थानिक लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते आणि त्या प्राधिकरणाने कंपनीचा पिच्छा सोडला नाही. डहाणू हे काही दहा लाखांचं शहर नव्हे. तिथे आदिवासी पाडे आहेत आणि चिकूच्या वाड्या आहेत. लोकसंख्येच्या चाळणीत डहाणू कधीच अडकलं नसतं, ते वाचलं ऐकून घेणारी यंत्रणा होती म्हणून. जे डहाणूत २००७ पासून चालतं ते बाकीच्यांना "अनावश्यक" कसं ठरतं?

आता आपल्या पट्ट्याचं लाडकं उत्तर : आपला काय संबंध?

संबंध कल्याणहून पडघ्याला जाताना डोळ्यांनी दिसतो. १९९९ पासून चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची एकदिश वाहिनी थेट भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला येते. क्षमता १,५०० मेगावॉट. वीज विदर्भात होते, मोठी मागणी मुंबई महानगराच्या पट्ट्यात, म्हणून हा राजमार्ग बांधला. पडघ्याला उतरलेली वीज पुढे जाळ्यात मिसळते आणि त्याच जाळ्यावर आपल्या इमारतींच्या लिफ्ट, आपल्या एमआयडीसीतले पंप, आपले एसी चालतात. तारेतून वीज तेवढी आली; धूर, राख आणि खोकला चंद्रपूरच्या दुर्गापूर-ऊर्जानगरलाच राहिले.

महिन्याला दोनशे युनिटांचं बिल येणारं घर घ्या. बदलापूरच्या टू-बीएचकेत हे काही उधळपट्टीचं लक्षण नाही. ती सगळी वीज कोळशाची धरली तर त्या घरासाठी महिन्याला १४० किलो कोळसा जळतो आणि त्याची जवळपास ५० किलो राख उरते. सिमेंटच्या एका गोणीचं वजन तेवढंच असतं. ही गोणी दर महिन्याला आपल्या दारात ठेवली गेली असती तर सोसायटीच्या सभेत कोळसा हा पहिला विषय असता. ती ठेवली जाते दुसऱ्याच्या शेताशेजारी. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबांध फुटला, तेव्हा राखेचा चिखल शेतांत आणि ओढ्यांत शिरला. ज्यांच्या शेतात शिरला त्यांची बिलं बहुधा आपल्यापेक्षा कमी असतील.

आपलाही इतिहास फार दूरचा नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेने ठाकुर्लीला चोळ्याचं पॉवर हाऊस बांधलं, ते कोळशावर चालत होतं. मुंबईची विजेची लोकल धावावी म्हणून इथे कोळसा जळत होता. १९८० च्या दशकात ते बंद झालं आणि आपण विसरलो. त्या काळी आपण चंद्रपूर होतो, आज मुंबईच्या बाजूला जाऊन बसलोय. बाजू बदलली म्हणून न्याय बदलत नाही.

शिवाय कोळसा उलट्या वाटेनेही परतू लागला आहे. शहाडपलीकडे मोहोन्याला २००९ पासून बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याच्या जागेवर सिमेंट दळण्याचा प्रकल्प प्रस्तावित आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या जनसुनावणीला मोहोने आणि आसपासच्या गावांनी विरोध केला. दळण्याच्या कारखान्यात क्लिंकरबरोबर लागणारा एक मोठा कच्चा माल म्हणजे वीजकेंद्रांची फ्लाय अ‍ॅश. राख सिमेंटमध्ये वापरणं चांगलंच, बांधात साठवण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण ती उतरवायची कुठे, दळायची कुठे, हा प्रश्न आला की नकाशावर बोट पुन्हा कामगार चाळी आणि गावठाणांवरच का पडतं? मलबार हिलजवळ कुणी जागा शोधत नाही.

इथे एक हळूच पुढे केला जाणारा युक्तिवाद येतो : हवा सगळ्यांची एकच, प्रदूषण काही जात-पैसा बघत नाही. आपल्या पट्ट्यात राहणाऱ्याने तरी हे बोलू नये. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात टँकरने रसायन ओतलं गेलं. रात्री ओतायचं, नाल्यात ओतायचं, पहाटेपर्यंत पसार व्हायचं ही त्या धंद्याची रीत. वायू पसरला, शेकडो माणसांना मळमळ, चक्कर, श्वास कोंडणे असा त्रास होऊन दवाखाने भरले. कोण होती ती माणसं? वडोलगावची आणि नाल्याच्या काठाकाठाने बसलेल्या वस्त्यांतली. काठावर घर कोण बांधतं? ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून वायू सुटला आणि रात्री शहरावर धुरकं पसरलं, रूळसुद्धा दिसेनात. त्या रात्री काचा लावून एसी सुरू करणारे होते आणि पत्र्याच्या घरात ओला रुमाल तोंडाला लावून बसणारेही होते. सुटला वायू एकच, पण ज्याच्या घराला बंद करायला धड खिडकी नाही त्याने तो जास्त घेतला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ते असं.

आणि धाक बसला की प्रदूषण थांबतं असंही नाही, ते आणखी दुबळ्याकडे सरकतं. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांवर बडगा आला तेव्हा त्यातले काही आसपासच्या ग्रामीण भागात गेले. निळं पाणी बंद झालं नाही, नाला बदलला. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल 'वनशक्ती' संस्था हरित लवादात गेली आणि २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक पालिकांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. इतक्या वर्षांनी वालधुनीच्या पुलावरून जाणारा माणूस अजून नाक दाबतो. तेव्हा दुबळ्याच्या दारात घाण ढकलण्याची ही पद्धत आपल्याला पुस्तकातून शिकायची नाही. कोळशाच्या बाबतीत तीच पद्धत ७५२ किलोमीटर लांबीवर चालते, एवढाच फरक.

राहिला भावाचा प्रश्न. एफजीडी टाळल्याने युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतात असं सांगितलं गेलं. तीस पैसे धरले तर दोनशे युनिटच्या घराला महिन्याला साठ रुपये. हातावर पोट असलेल्या घराला साठ रुपयेही जड असतात, हे मान्य. पण गरिबाच्या नावाने जो हिशेब मांडला जातो त्यात गरिबाच्या दवाखान्याचं बिल धरलेलं नसतं, बुडालेला रोज धरलेला नसतो. पंप, स्टेरॉइड, एक्स-रे यांचा खर्च कुठल्याच वीजदरात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजायचं. आणि गरिबाची खरीच काळजी असेल तर उपाय महावितरणच्या बिलावर आधीच छापलेला आहे. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. धूर धुण्याचा खर्च वरच्या टप्प्यांवर आणि मोठ्या औद्योगिक ग्राहकांवर टाका, शंभराच्या आतल्या घराला एक पैसाही लावू नका. जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावं, यात न समजण्यासारखं काय आहे? हा मार्ग डोळ्यांसमोर असताना "गरिबाला परवडणार नाही" म्हणणारा गरिबाला ढाल करून स्वतःचं बिल वाचवतोय.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. एफजीडी म्हणजे रामबाण नव्हे. ती राखेचं काही करत नाही, पाऱ्याचा प्रश्न पुरता सोडवत नाही, पाणी पिते. जुन्या संचांच्या बाबतीत ते बंद करून सौर आणि पवन विजेकडे वळणं अधिक शहाणपणाचं ठरेल. पण माफी देणाऱ्यांनी "त्याऐवजी जुने संच बंद करतो" असं म्हटलेलं नाही. धूरही चालू, संचही चालू, अट तेवढी रद्द.

यावर आपल्या पट्ट्याने काय करावं? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ साली महाराष्ट्रातली जी शहरं हवेच्या निकषांत नापास ठरली त्यांच्या यादीत चंद्रपूर आहे, उल्हासनगर आहे, बदलापूरही आहे. आपण आणि चंद्रपूर एकाच वर्गात नापास झालेले विद्यार्थी आहोत. गंमत म्हणजे उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मधोमध असलेलं अंबरनाथ त्या यादीत नाही, जणू वारा विठ्ठलवाडीला गाडीत बसतो तो अंबरनाथला न थांबता थेट बदलापूरला उतरतो. यादीत नाव नसलेल्या शहराला त्या कार्यक्रमाचा निधीही नाही. तेव्हा पहिली मागणी अंबरनाथला यादीत घेण्याची. दुसरी मागणी चंद्रपूरच्या बाजूने. नापास शहरांच्या जवळची केंद्रं ब गटात मोडतात आणि त्यांचा निर्णय समितीपुढे आहे. कोळशाच्या विजेवर दिवे लावणाऱ्या आपल्या तिन्ही पालिकांनी ठराव करून त्या समितीला कळवावं की चंद्रपूरला एफजीडी बसवा आणि वरच्या टप्प्यातला आमचा वाटा आम्ही भरू. वीज वापरणाऱ्या शहराने वीज बनवणाऱ्या गावासाठी असा ठराव केला तर "ग्राहकांना परवडणार नाही" हे सरकारचं सगळ्यात आवडतं कारण त्याच्या हातातून जाईल. तिसरी मागणी नियमाच्या मुळाशी. दहा लाखांची अट काढा आणि संच किती मोठा, धूर किती, वाऱ्याखाली माणसं कोण, यावर सक्ती ठरवा.

हे न करता गप्प बसायचं असेल तर बसावं. मात्र उद्या मोहोन्याला राख उतरली किंवा मोरिवलीतून पुन्हा धूर सुटला, तेव्हा मुंबईकडून "ते तुमचं दुखणं" असं उत्तर आलं तर तक्रारीला तोंड उरणार नाही. तेच उत्तर आज आपण चंद्रपूरला देतो आहोत.